पणजोबांचं मृत्युपत्र खरं की बनावट?

घराण्याच्या इतिहासाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, मी जुन्या नाशकातली, वय ६१, शाळेतून रिटायर झाले आणि गेली दोन वर्षं माहेरच्या घराण्याची वंशावळ जमवतेय. आमचा वाडा जुन्या नाशकात आणि थोडी जमीन निफाड तालुक्यात. लहानपणापासून घरात एकच गोष्ट ऐकत आले, की पणजोबा गेले तेव्हा धाकट्या मुलाने खोटं मृत्युपत्र करून वाडा जमीन सगळं लाटलं आणि माझ्या आजोबांना, म्हणजे थोरल्याला, नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढलं. दोन घरांत पन्नासेक वर्षं लग्नाची पत्रिकासुद्धा गेलेली नाही. यंदा दिवाळीत धाकट्या घरातला चुलतभाऊ (तो समजूतदार आहे) स्वतः घरी आला आणि ट्रंकेतले दोन कागद माझ्या हातात ठेवून गेला. एक मोडीतला, शके १८४६ चा. दुसरा त्याचीच टाईप केलेली देवनागरी नक्कल, वर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असं लिहिलंय. मोडी मला येत नाही, नक्कल मात्र स्वच्छ वाचता येते. त्यात सगळं धाकट्याला दिलंय आणि थोरल्याबद्दल एकच वाक्य, 'थोरले चिरंजीव यांस पूर्वीच हिस्सा देऊन विभक्त केले आहे'. जमिनीचा गट नंबर आणि हेक्टर आर पण व्यवस्थित दिलेत. मला तो मोडी कागदच खोटा वाटतो कारण स्टॅम्प नाही, साधा कागद आहे, रजिस्टर केलेला नाही, साक्षीदार एकच, अक्षर पणजोबांचं नाही आणि सही थरथरती आहे. तर वंशावळीत 'खोटं मृत्युपत्र' असं सरळ लिहू का? माझे वडील शेवटपर्यंत हेच मनात घेऊन गेले.

उत्तर: ताई, आधी थांबा, काही लिहू नका. तुम्ही दिलेली कारणं एकेक करून बघू, पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, की १९२४ च्या नाशकात यातलं एकही कारण मृत्युपत्र खोटं ठरवायला पुरत नाही. मला संशय येतोय तो दुसऱ्या कागदाचा, ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे त्या नकलेचा.

साक्षीदारापासून सुरू करते कारण तिथेच सगळे फसतात. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात हे आज आपल्या इतकं डोक्यात बसलंय की एक साक्षीदार दिसला की आपण कागद फेकूनच देतो. नियम बरोबर आहे, भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६३. पण तो नाशिकसारख्या ठिकाणच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू झाला १ जानेवारी १९२७ पासून पुढे केलेल्या मृत्युपत्रांसाठी. मुंबई शहरात १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टमुळे ते आधीपासून होतं, मुंबईबाहेर मोफसलात नव्हतं. त्याआधी आपल्याकडे हिंदू माणसाचं मृत्युपत्र बिनसाक्षीचं चालायचं, बिनसहीचं चालायचं, अहो तोंडी सांगितलेलं सुद्धा सिद्ध झालं तर चालायचं. शके १८४६ म्हणजे इसवी सन १९२४-२५. तुमच्या पणजोबांनी एक साक्षीदार घेतला तो खरं तर गरजेपेक्षा जास्तच.

स्टॅम्पचं म्हणाल तर मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही, साध्या कागदावर लिहिलेलं मृत्युपत्र पूर्ण मृत्युपत्र असतं. आपण नाशिककर, स्टॅम्प छापणारा कारखानाच आपल्या नाशिकरोडला, त्यामुळे स्टॅम्पपेपर नसलेला कागद आपल्याला अर्धवट वाटतो हे मी समजू शकते, पण उलट मला तर जुनं मृत्युपत्र जाड स्टॅम्पपेपरवर दिसलं की आधी प्रश्न पडतो की हा खर्च कुणी आणि कशाला केला. रजिस्टर करणंही ऐच्छिक, १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. आणि कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र शाबीत झाल्याचा कोर्टाचा दाखला, नाही म्हणूनही बिचकू नका, नाशिकच्या मिळकतीला ते सक्तीचं नव्हतं, पणजोबांची मुंबईत एखादी खोली असती तर गोष्ट वेगळी.

अक्षर त्यांचं नाही हे तर बहुतेक जुन्या कागदांचं असतं. घरातला कारकून, गावचा कुलकर्णी, ओळखीचे मास्तर, यांच्याकडून लिहवून घ्यायचे आणि खाली सही किंवा निशाणी करायचे. मोडी कागदाच्या शेवटी 'दस्तुर' असा शब्द दिसतो का ते वाचणाऱ्याला बघायला सांगा, त्यापुढे लिहिणाऱ्याचं नाव असतं, 'दस्तुर खुद्द' असेल तर स्वतःच्या हाताने लिहिलंय. ते नाव मिळालं तर सोनं आहे, कारण तोच माणूस गावातले दुसरे कागदही लिहीत असणार, आणि मग अक्षर ताडून बघता येतं. थरथरत्या सहीचं एवढंच म्हणेन की मरायला टेकलेल्या म्हाताऱ्या माणसाची सही थरथरणारच, मला ठणठणीत सही बघून जास्त काळजी वाटली असती. सही ताडायचीच असेल तर त्याच दोन-तीन वर्षांतल्या चार-पाच सह्या जमवा, भाडेचिठ्ठी, खरेदीखत, दुकानाची कीर्द खतावणी असेल तर ती, वीस वर्षांपूर्वीच्या एका सहीवरून काहीच ठरत नाही.

इथे स्वतःची एक गोष्ट सांगते कारण ती मला अजून टोचते. आमच्या आजोळी एक खरेदीखत होतं, बाप आणि दोन मुलगे तिघांच्या सह्या, आणि तिन्ही सह्या एकाच हाताच्या, उघड दिसत होतं. आम्ही सगळ्यांनी तो बनावट ठरवला आणि ज्या मावशीआजीच्या घरातून तो निघाला तिला नको ते बोललो. खूप नंतर कळलं की आमच्याकडे होता तो मूळ कागद नव्हताच, ती नोंदणी कार्यालयातून काढलेली नक्कल होती, कारकुनाने पुस्तकात सगळा दस्त सह्यांसकट हाताने उतरवून घेतलेला आणि पुस्तकातून परत कागदावर. तिन्ही सह्या कारकुनाच्याच असणार ना. तोवर मावशीआजी गेली होती.

आता तुमची नक्कल. त्यात गट नंबर आहे म्हणता. १९२४ साली गट नंबर हा प्रकारच नव्हता, तेव्हा होता सर्व्हे नंबर. गट आले ते एकत्रीकरणानंतर, आणि तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदाच मुळी १९४७ चा, पुढे गावोगाव योजना राबवल्या गेल्या तशा सर्व्हे नंबरांचे गट झाले. हेक्टर आर तर त्याहून नंतरचं, दशमान पद्धत आल्यावरचं, त्याआधी आपल्याकडे एकर गुंठेच. म्हणजे नक्कल टाईप करणाऱ्याने मूळ कागद जसाच्या तसा उतरवलेला नाही एवढं पक्कं. याचा अर्थ लगेच लबाडी असा घेऊ नका हं, मी तरी घेणार नाही, कारण असंही होतं की कुणीतरी बँकेच्या किंवा तलाठ्याच्या कामासाठी नक्कल केली आणि वाचणाऱ्याला कळावं म्हणून जुने नंबर बदलून नवे टाकले. पण 'अस्सल बरहुकूम' म्हणजे मुळात आहे अगदी तसं, आणि ज्याने आकडे बदलले त्याने आणखी काय बदललं हा प्रश्न आता विचारावाच लागेल. आणि तुमच्या सगळ्या भांडणाचं मूळ असलेलं ते वाक्य, थोरल्याला हिस्सा देऊन विभक्त केल्याचं, ते तुम्ही फक्त नकलेत वाचलंय. मोडीत ते आहे का हे तुम्हाला माहीत नाही, आणि बहुतेक तुमच्या चुलतभावालाही माहीत नाही.

म्हणून पहिलं काम मोडी वाचून घेणं. आणि वाचणाऱ्याला नक्कल अजिबात दाखवू नका, गोष्ट पण सांगू नका, नुसता कागदाचा फोटो द्या. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व दीर्घ फारसं पाळत नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी काय अपेक्षित आहे ते कळलं की डोळ्याला तेच दिसायला लागतं, चांगल्या चांगल्या जाणकारांचं होतं हे. जमलं तर दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. पुराभिलेख विभागाने मोडीचे वर्ग चालवून बरीच माणसं तयार केलीत, आणि आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, जुन्या पोथ्यांत रमणारी माणसं तिथे भेटतात, तिथे चौकशी करा. वाचणाऱ्याला एक गोष्ट खास बघायला सांगा. मोडी लिहिणारे कागदावर आधी आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचे, त्यामुळे मागाहून दोन ओळींच्या मध्ये काही घुसवलं असेल तर रेघ नसते, अक्षर दाटतं, शाईचा रंग बदलतो. आणि कुठे बॉलपेन दिसला तर मग बोलायलाच नको, बॉलपेन बाजारात आला तोच दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी.

तारखेची एक परीक्षा घरबसल्या करता येते आणि ती मला फार आवडते. जुन्या कागदात शकाबरोबर संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असतं. शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी जी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभवपासून मोजायचा, बाकी शून्य आली तर शेवटचा क्षय. १८४६ अधिक १२ म्हणजे १८५८, ६० ने भागलं की बाकी ५८, अठ्ठावन्नावं संवत्सर रक्ताक्षी. तुमच्या मोडी कागदावर रक्ताक्षीच पाहिजे. दुसरं काही असेल तर एकतर वाचणारा चुकला, नाहीतर लिहिणारा नंतर कधीतरी बसून मागची तारीख घालत होता, ज्याला त्या वर्षीचं पंचांग आठवत नव्हतं. चालू वर्षाचं संवत्सर त्या काळी शाळकरी पोरालाही माहीत असायचं. तिथी आणि वार पण असेल तर जुन्या पंचांगात जुळवून घ्या. आणि शकावरून इसवी सन काढताना ७८ मिळवायचे, पण पौषातल्या बऱ्याच तिथी आणि माघ फाल्गुन असेल तर ७९, इथे पण लोक एका वर्षाने चुकतात आणि मग मृत्यूनंतरचं मृत्युपत्र म्हणून आरडाओरडा होतो.

दुसरं काम फेरफार. निफाडच्या जमिनीवर पणजोबांचं नाव जाऊन धाकट्याचं नाव लागलं तेव्हा त्याची नोंद झाली असणार, आपल्या इलाख्यात हक्कनोंदीची पद्धत १९०३ च्या कायद्याने आली. तहसीलमधल्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा, नाशिक जिल्ह्याचे बरेच जुने फेरफार स्कॅन होऊन सरकारी साईटवर पण आलेत. त्या नोंदीत काय लिहिलंय ते शब्दशः उतरवून घ्या. 'वारसाने' नाव लागलं, की 'मृत्युपत्राने' लागलं, की 'वाटणीने', वर्दी कुणी दिली, आणि तारीख काय. १९२५-२६ च्या फेरफारात मृत्युपत्राचा उल्लेख असेल तर ते निदान तेव्हा होतं हे कळलं, मग साठ-सत्तर सालात कुणीतरी बसून केलं ही शंका संपते. उल्लेख नसेल तर मात्र मृत्युपत्र नव्हतं असं होत नाही, कदाचित कुणाला दाखवायची गरजच पडली नसेल. वाड्यासाठी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढा आणि तिच्याबरोबर चौकशी नोंदवहीचा उतारा पण मागा, लोक नुसती पत्रिका घेऊन येतात, पण मालकी कशावरून धरली ते चौकशीच्या नोंदीत सापडण्याची शक्यता जास्त.

आता जरा कायद्याचा गुंता, पण हा समजून घ्या कारण तुमच्या घरची गोष्ट इथेच फिरते. वाडा आणि जमीन पणजोबांच्या स्वकष्टाची होती की वडिलोपार्जित? कारण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नव्हता. म्हणजे मिळकत वडिलोपार्जित आणि थोरला एकत्रच असेल, तर मृत्युपत्र शंभर टक्के खरं असलं तरी त्याने थोरल्याचा हक्क जात नव्हता. आणि थोरला खरंच हिस्सा घेऊन विभक्त झालेला असेल तर बापाबरोबर एकत्र राहिलेल्या धाकट्याकडे ती मिळकत मृत्युपत्र नसतानाही गेली असती. म्हणजे मिळकत वडिलोपार्जित असेल तर दोन्हीकडून बघा, मृत्युपत्राचं काम फारसं उरतच नाही, सगळा भार त्या 'विभक्त केले' या एका वाक्यावर येतो. तेव्हा मृत्युपत्र खरं का यापेक्षा वाटणी झाली होती का हे शोधा, वाटणीपत्र, फारखत म्हणजे हक्क सोडल्याचा कागद, थोरल्याच्या नावावर त्याआधी घेतलेलं एखादं घर किंवा जमीन, वेगळी घरपट्टी. नेसत्या वस्त्रानिशी निघालेला माणूस दोन वर्षांत कुठे राहत होता हे तुम्हाला आजोबांकडच्या कागदांतच सापडेल, ते कुणी उघडून बघितलेत का?

आणि एक जागा राहिली, तीर्थोपाध्यांच्या वह्या. आपण नाशिककर रोज रामकुंडावरून जातो पण तिथल्या उपाध्यांकडे आपल्याच घराण्याची नावं असतील हे मनात येत नाही. या वह्या यजमानाच्या मूळ गावावर आणि आडनावावर लावलेल्या असतात, म्हणून नाशिक नका सांगू, निफाडकडचं तुमचं मूळ गाव सांगा. नाशकात नाही मिळालं तर त्र्यंबकेश्वर, आणि काशी प्रयागला कुणी गेलं असेल तर तिकडे. त्या वहीत आलेला माणूस पुष्कळदा स्वतःच्या हाताने लिहितो, बापाचं नाव, भावांची नावं, मुलं, आणि कशासाठी आलो ते. १९२४-२५ नंतर पणजोबांच्या अस्थींची किंवा श्राद्धाची नोंद मिळाली तर कोण आलं होतं बघा. दोघे भाऊ बरोबर येऊन एकाखाली एक सही करून गेले असतील तर भांडण तेव्हाचं नाही, नंतरचं आहे. शिवाय पणजोबांच्या हातची एखादी जुनी ओळ मिळाली तर ताडून बघायला सही पण मिळाली. मृत्यूची तारीख नक्की करायला गावच्या कोतवाल बुकातली नोंद किंवा नगरपालिकेचं जुनं मृत्यू रजिस्टर बघा, मृत्युपत्राची तारीख आणि मरणाची तारीख यांत किती दिवसांचं अंतर आहे ते कळणं फार महत्त्वाचं.

सुप्रीम कोर्टाने १९५९ साली छापून आलेल्या वेंकटचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा या निकालात संशयाची कारणं फार नीट मांडलीत, आणि वंशावळ करणाऱ्यालाही ती उपयोगी आहेत. सही शंकास्पद आहे का, माणसाचं मन ताळ्यावर होतं का, वाटप अनैसर्गिक वाटतं का, आणि ज्याला फायदा झाला त्यानेच पुढाकार घेऊन कागद करवला का. यातलं काही असेल तर कागद पुढे करणाऱ्याने ती शंका दूर करायची असते. बघा, तिथेही कोर्ट नुसतं 'थोरल्याला काही दिलं नाही' एवढ्यावर खोटं म्हणत नाही, खुलासा मागतं. आपणही तेवढंच करावं. वंशावळीत आज लिहायचं असेल तर असं लिहा, 'शके १८४६ चं मोडी मृत्युपत्र धाकट्या घरात आहे, थोरल्या घरात ते बनावट असल्याचं सांगत आले, टाईप केलेल्या नकलेत गट नंबर असल्याने ती नक्कल १९४७ नंतरची, मोडी वाचन बाकी'. वडिलांचं म्हणणं यात पुसलं जात नाही, ते थोरल्या घराचं म्हणणं म्हणून राहतं. मेलेल्या माणसावर खोटारडा असा शिक्का तुमच्या हाताने नको, तो उत्तर द्यायला येणार नाही.

दोन्ही कागदांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागे कुणी पेन्सिलने काही लिहिलंय का बघा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. मिळकतीचा दावा डोक्यात असेल तर वकिलाकडे जा, तो माझा विषय नाही. आणि मोडीचं वाचन झालं की ते एकट्याने वाचू नका, चुलतभावालाही बोलवा, कागद त्याने स्वतःहून आणून दिलाय.

प्रश्न: आमचे काका म्हणतात ३० वर्षांहून जुना कागद कोर्ट आपोआप खरा मानतं, मग आजोबांच्या १९६८ च्या मृत्युपत्रावर शंका घ्यायचीच नाही का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर: काका म्हणतात ते बाकीच्या जुन्या दस्तांसाठी आहे, तेही योग्य जागेवरून आलेला असेल तर, आणि तिथेही कोर्ट मानू 'शकतं', मानलंच पाहिजे असं नाही. मृत्युपत्राला ही सवलत लागू नाही, सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये भरपूर सिंग यांच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, आला तरी मृत्युपत्र साक्षीदारानेच शाबीत करायचं हे कायम आहे. साक्षीदार दोघेही वारले असतील तर त्यांच्यापैकी एकाचं तरी हस्ताक्षर आणि आजोबांची सही ओळखणारं माणूस लागतं. १९६८ चं आहे म्हणजे इथे दोन साक्षीदार पाहिजेतच, वरच्या ताईंची सूट तुमच्या आजोबांना नाही.

प्रश्न: आजीने १९८३ च्या आसपास रजिस्टर मृत्युपत्र केलं होतं असं आई सांगते. मामा दाखवत नाहीत. बघायला मिळेल का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर: मिळेल. मृत्युपत्रं दुय्यम निबंधक कार्यालयात वेगळ्या पुस्तकात नोंदतात, पुस्तक क्रमांक ३. माणूस जिवंत असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला, पण मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कुणालाही नक्कल द्यायची अशी तरतूद नोंदणी कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे, मामांची परवानगी लागत नाही. आजीचा मृत्यू दाखला घेऊन जा. साल नक्की नसेल तर सूचीत शोध घ्यायचा अर्ज द्या, दोन-तीन वर्षं मागेपुढे धरून, आणि आजीचं नाव सासरच्या, माहेरच्या अशा दोन्ही आडनावांनी शोधा, वडिलांच्या नावाने सही करणाऱ्या बायका असायच्या. सिन्नरला नाही मिळालं तर नाशिकला पण बघा. काही लोक बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचे, ती नोंद पुस्तक क्रमांक ५ मध्ये असते, तिथेही विचारा. नक्कल हातात आली की सही जुळवत बसू नका, कारण वर सांगितलंच.